लाल फुलीचे नकाशे

केळापूरच्या शाळेत गुरुजींनी एकदा सांगितलं, आपापलं घर काढा. आम्ही सगळ्यांनी दोन खिडक्या, मधे दार, मागे उगवता सूर्य असं घर काढलं. खिडकी आमच्यापैकी एकाच्याही घराला नव्हती, ती गोष्ट वेगळी. माझ्याशेजारी टाटपट्टीवर नीळकंठ बसे. त्यानं सूर्य काढलाच नाही. चूल काढली, अन् तिचा धूर छपराच्या कवेलूंमधून कुठून बाहेर पडतो ते काढलं. गुरुजी म्हणाले, "हे घर आहे का दम्याचा रोगी?" वर्ग हसला. नीळकंठही हसला, पण चित्र खोडलं नाही.

पुढे तो नकाशे काढणारा झाला. मारेगावला घरबांधणीची एक संस्था होती, ती बंद पडून जमाना झाला. साहेब स्लॅबची घरं सांगत. हा ती निमूट काढून देई, अन् जेवणाच्या सुट्टीत भाकरी बाजूला सारून आपलं काढे. भिंतीला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा कूड, मातीनं लिंपलेला. पण एक नाही, दोन कूड, मधे वीतभर मोकळी जागा. त्याला तो जोडकूड म्हणे. आपल्याकडची मे महिन्यातली दुपार कशी असते ते काय सांगावं. ती दुपार त्या घराच्या बाहेरच राहणार होती. साहेबानं दर वेळी त्यावर लाल फुली मारली. जोडकुडाचं एकही घर उभं राहिलं नाही.

आता माझी नात प्रेरणा यवतमाळच्या कॉलेजात घरं बांधायचं शिकते. तिथली पोरं निसर्गाला धरून केलेल्या जुन्या बांधकामांचे नकाशे अन् फोटो जिल्हाभरातून गोळा करून जपून ठेवताहेत. कोणी माहितीतलं आहे का, असं तिनं मला विचारलं. मला सांगायला कारण लागत नाही. तिचा चहा गार होईस्तोवर मी नीळकंठ सांगितला. ती म्हणाली, "आबा, असं घर आम्हाला दुसऱ्या कोणाच्याच नकाशात दिसलं नाही."

फोनवर हे सांगितलं तेव्हा नीळकंठानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "पाहाले येतो म्हणते का ते पोरगी? खरंच?" हात थरथरतो त्याचा आता. कप अर्धाच भरून द्यावा लागतो. नवी रेघ त्याच्याकडून होणं शक्य नाही. जे काही होतं ते कोपऱ्यातल्या पत्र्याच्या नळीत होतं.

आम्ही गेलो त्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. नळी उघडून एकेक नकाशा पसरला. स्लॅब. मग स्लॅब. मग स्लॅबवर जिना. नळी उलटी करून ठोकली तर धूळ पडली.

"इंदू, जोडकुडाचे कुठी गेले?"

इंदूबाई, म्हणजे त्याची बायको, भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लाल फुलीचे ना? ते तं कवाचेच धुतले. तुमीच सांगतलं होतं, फुली असली का धूत जाय."

त्या काळी नकाशे खळ दिलेल्या तलम कापडावर काढत. गरम पाण्यात बुडवलं की खळ अन् शाई दोन्ही निघून जात, खाली मलमलीसारखं कापड उरे. संस्थेतल्या सगळ्यांच्या खिशात रद्द नकाशांचे रुमाल असत. नीळकंठ स्वतःच्या चुकलेल्या नकाशावरही लाल फुलीच मारायचा. आपली फुली कोणती अन् साहेबाची कोणती, हे इंदूबाईला सांगायचं राहून गेलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला अन् रिकाम्या नळीत हात घालून चाचपत राहिला. इंदूबाईचे हात भाजीतच थांबले. मग तिनंच आठवून सांगितलं की रुमाल झाले ते फाटले, पण एकाची कुंची शिवून तिनं रामीबाईच्या लेकीच्या बारशाला दिली होती.

रामीबाईचं घर गावाच्या टोकाला; आम्ही तिथं गेलो. लेकीची लेकरंही त्याच कुंचीत वाढली, म्हणून तिनं ती पेटीत जपली होती. कुंची पुढे करत म्हणाली, "नीळूभाऊ, तुमचा बंगला माह्या नातवायनं लय वेळा भिजवला." एरवी मी पोट धरून हसलो असतो.

प्रेरणानं कुंची उन्हात धरली. आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, शिवण उलटली. एक रेघ नव्हती. फक्त मागच्या बाजूला, मानेवर येते तिथं, एक पुसट गुलाबी फुली. घर धुवून निघालं होतं, साहेबाची फुली राहिली होती.

नीळकंठानं ती डोळ्यांजवळ नेली. "हेच पक्कं होतं वाटते," एवढंच म्हणाला.

नीळकंठाच्या घरी परत आल्यावर प्रेरणानं कोरा कागद टेबलावर लावला अन् म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी काढते." तो सांगू लागला. पाया, दोन्ही कूड, मधली वीत, खालची हवेची भोकं. आवाज चढला त्याचा. मला वाटलं, निघालं घर. तेवढ्यात तो थांबला. कुडांच्या मधून वर चढलेली गरम हवा छपरातून बाहेर कशी काढली होती, ते आठवेना. बोटानं हवेत रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. वर्गात सगळ्यांत आधी ज्याला धुराची वाट दिसली, त्याला आता तीच सापडेना.

प्रेरणा हळूच म्हणाली, "साधारण अशी असेल का?" अन् पेन्सिल टेकवली.

"नको," तो म्हणाला. "अंदाजानं नको काढू, बाई. मंग ते माहं घर नाही राहात."

तिनं पेन्सिल उचलली. कॉलेजात आता तो कागद आहे, शेजारी कुंची आहे. भिंती पुऱ्या, वर छप्पर नाही. नीळकंठ मला रोज सकाळी फोन करतो. मी विचारायच्या आत तोच सांगतो, "नाही आठवलं गड्या," अन् ठेवून देतो.