खाटेखालचे चार डबे

हॉस्टेलचा पलंग ढेकणांपासून कसा राखायचा, हे मला कोणी शिकवलेलं नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं सगळं करून बघत शिकले, तसंच हेही.

आम्ही खापरखेड्याचे. माझे मिस्टर तिथे वीज केंद्रात नोकरीला होते. लेकीला कॉलेज मिळालं पार हिंगण्याकडे, म्हणजे अख्खं नागपूर ओलांडून. रोज बस बदलत जाऊन पोरगी दमेल म्हणून हॉस्टेल घेतलं. महिना झाला नसेल, तिचा फोन आला.

"आई, अंगावर गाठी आल्या वं. एका रांगेत. मच्छर असा रांगेनं नाही चावत."

"ढेकूण आहे तो. मी उद्याच येऊन राहिली."

गेले. पाणी उकळायला एक मोठा गंज, त्यात बुडवायचा रॉड, श्रीखंडाचे रिकामे चार डबे, कपड्याच्या साबणाची वडी आणि काळं प्लास्टिक घेऊन. वॉर्डनबाई म्हणाल्या, "काकू, मुक्काम करता का?" म्हटलं, "नाही जी, एकाला मुक्काम सोडायला लावते."

लोखंडी पलंग होता, पोकळ पाईपचा. पाईपची तोंडं उघडी, आणि तिथेच त्यांची वस्ती. मी उकळतं पाणी आत ओतलं तर असे बाहेर पडले, जशी हिंगण्याच्या कारखान्याची शिफ्ट सुटावी! मग साबण भिजवून त्याचा लगदा त्या भोकांत कोंबला. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. चारी पायांखाली एकेक डबा, त्यात पाणी आणि चिमूटभर कपड्याची पावडर. ढेकूण असो की मुंगी, पायावरून वर चढायचं तर आधी पाण्यात पडणार. चादर पांढरी अंथरायची म्हणजे डाग लगेच दिसतो, आणि ती जमिनीला टेकू द्यायची नाही. खाऊ पलंगाखाली ठेवायचा नाही, उंदीर येतो. गादी काळ्या प्लास्टिकात बांधून गच्चीवर टाकली. आपलं ऊन माणसं सोसतात, ढेकणाला सोसत नाही.

खोलीतल्या दुसऱ्या तिघी मागे लागल्या, "काकू, माझाही पलंग करून द्या न!" सगळ्यांचे केले. लेक हसून म्हणाली, "आई, तूच राहून जा इथं. मी जाते घरी सैपाक कराले." त्या दिवशी बसमध्ये मी एकटीच हसत परत आले. लोकांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं.

पावसाळा, हिवाळा बरा गेला. चैत्रात ढेकूण पुन्हा आले. कुठून आले, देव जाणे, पण त्या तिघींनी ठरवलं की हिच्या घरच्या कापसाच्या गादीतून आले. आपापले पलंग ओढून त्या दुसऱ्या भिंतीशी गेल्या. लेकीचा पलंग दाराजवळ एकटा. हे मला फार नंतर कळलं. फोनवर ती काही बोलली नव्हती.

त्याच दिवसांत माझ्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलीकडचे शहरातले लोक, चांगले शिकलेले. मी घर रंगवून घेतलं, नव्या गाद्या आणल्या. आदल्या दिवशीच त्यांच्याकडच्या दोन बायका मुक्कामाला आल्या. दुपारी आम्ही बोलत बसलो होतो आणि लेक फाटकात उभी. खांद्यावर बॅग, मानेवर लाल गाठी.

"तिथंच थांब!" मी ओरडले.

बॅग तिथेच उन्हात टाकायला लावली. मागच्या बाजूनं न्हाणीत पाठवलं, अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात, माझा जुना गाऊन घालायला दिला. पाहुण्यांना काय वाटेल, या घरात ढेकूण आहेत म्हणतील, याचीच धास्ती. ती झाकायला मी मोठ्यानं म्हटलं, "पाहा बाई, ढेकणाचं हॉस्टेलच चालत आलं आमच्या घरी!" सगळे हसले. लेकही जराशी हसली. मला वाटलं, चला, हिनं मनाला लावून घेतलं नाही.

न्हाणीतून ती म्हणाली होती, "आई, रूममधल्या पोरी न..." मी म्हटलं, "मंग सांग बेटा, पुऱ्या तेलात आहे."

तो 'मंग' काही आला नाही.

झोपायला तिची खाट व्हरांड्यात टाकली. "एका राताची गोष्ट आहे वं. नव्या गाद्या आहे, पाहुणे आहे." आणि मग मी जे केलं ते लिहिताना आजही हात अडतो. खाटेच्या चारी पायांखाली मी पाण्याचे डबे ठेवले. हॉस्टेलात ठेवले होते ते ढेकूण तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. इथे ठेवले ते तिच्याकडून घरात येऊ नये म्हणून. ती बाजूला उभी राहून बघत होती. तिनं वाकून एक डबा नीट सरकवूनही दिला.

साक्षगंध झालं, जेवणं झाली, आणि ती बॅग घेऊन निघाली. फाटकाशी हळूच म्हणाली, "आजीले लोक अंगणात बसवत, वरून ओंजळीत पाणी टाकत. तूच सांगत होती न मले?"

"हो."

"तेच आठवत होतं रातभर."

माझ्या आईला गावात कोणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. पुढे आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, आईनं स्वतःचं घर बांधलं, आणि तिचा एकच नियम होता: आपल्या दाराबाहेर कोणाला बसवायचं नाही. भिकारी आला तरी ती त्याला आत पाट द्यायची. त्या आईची मी लेक.

याला आठ वर्षं झाली. आधी परीक्षा, मग प्रोजेक्ट, मग हैदराबादची नोकरी. लेक रुसली नाही. दर रविवारी फोन करते, बीपीचं मशीन तिनंच पाठवलं. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. कंपनीच्या कामानं नागपूरला येते तेव्हा शहरात सदर भागातल्या हॉटेलात उतरते. घरी येते, जेवते, संध्याकाळी जाते.

मागच्या महिन्यात आली. मी कोथिंबिरीची सांबारवडी केली होती, तिला आवडते. चांगली खाल्ली. पाच वाजता तिनं गाडी बोलवायला मोबाइल काढला, आणि मी ठरवून बसले होते ते बोलले.

"तुले बाहेर झोपवलं मी. डबे ठेवले. चुकलं माझं बेटा. आला असता घरात ढेकूण तर आला असता. मारला असता."

तिनं मोबाइल बाजूला ठेवला. मग माझा हात धरून म्हणाली, "मले माहीत आहे वं आई. तू घाबरली होती. मी केव्हाच सोडलं ते."

"मंग राह्य न आज."

"नाही आई."

"काहून?"

"झोप नाही लागत मले इथं. दादाच्या लग्नात राहिली होती न, मधल्या खोलीत? रातभर खुर्चीवर बसून होती मी. काही आठवत नाही, राग नाही. पण आडवी होताच नाही आलं."

त्या रात्री मी शेजारच्याच खोलीत घोरत पडले होते.

गाडी आली. ती बसली, काच खाली करून म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेशील." ड्रायव्हरनं विचारलं, "सदरच न मॅडम?" ती म्हणाली, "हो."

मी पुढे होऊन त्याला म्हटलं, "हळू ने गा भाऊ. लेक आहे माझी."