गुलाबी रंग टिकेना

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. आई नव्हती. थोरले दोघे भाऊ नोकरीसाठी मुंबईला गेलेले, आणि तिसरा, आमचा अण्णा, तंजावूरच्याच कॉलेजात रसायन शिकवत होता. त्याला पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. तो गेला तर वडिलांजवळ, अप्पांजवळ, मी एकटीच उरणार, आणि माझंही लग्न ठरत आलेलं. हा विषय घरात कोणीच काढत नसे.

मी बी.एस्सी.ला होते. संध्याकाळी अण्णा मला प्रयोगाला मदतीला बसवी. त्यानं बनवलेलं आम्ल म्हणजे लांबलचक साखळी, अर्धी तेलकट, अर्धी आम्लाची. पाण्यात पडली की तेलकट भाग एकमेकांत तोंड खुपसून बसत आणि आम्लाचे भाग बाहेर पाण्यात लोंबत. त्यात रंग दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन घालून अल्कलीचा थेंब सोडला की गुलाबी रंग येई. आम्ही सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो तोच उडून जाई.

"लाजतंय," मी म्हणाले.

"लाजत नाही गं. पहिला हायड्रोजन सहज सुटतो. पण तो गेला की साखळीवर ऋण भार राहतो, आणि तो भार उरलेल्यांना ओढून धरतो. जितके जास्त गेले, तितकं पुढच्याला सुटणं कठीण."

"मग तिसऱ्याचं तर काही खरं नाही."

तो हसला नाही.

शेवटी जायचा दिवस ठरला. केळीच्या पानात दहीभात बांधला. आमच्यात बाहेर पडताना समोरून एकटा ब्राह्मण आला तर आत परतायचं, पाणी पिऊन थोडं बसायचं आणि मग निघायचं. अण्णानं उंबरा ओलांडला, तो समोरून अप्पा. देवळातून येत होते, कपाळभर विभूती, एकटे.

रसायनाचा मास्तर मुकाट्यानं आत आला, पाणी प्यायला. दुसऱ्यांदा निघाला, तर पुन्हा अप्पाच समोर.

"तुम्ही तर आत होता ना?" मी विचारलं.

"फुलं राहिली होती देवळात."

हातात एकही फूल नव्हतं. इतका कसलेला नट मी उभ्या तंजावुरात पाहिला नाही.

तिसऱ्या खेपेला अण्णा पाणी पीत असतानाच गाडीची शिट्टी ऐकू आली.

"गेली वाटतं," अप्पा म्हणाले.

"गेली."

अण्णानं दहीभात सोडला, अर्धा अप्पांपुढे सरकवला. दोघं एकाच पानावर, एकमेकांकडे न बघता जेवू लागले. मी अण्णाची ट्रंक आत न्यायला कंबर कसली, तर ती एका हातानं उचलली गेली. उघडून पाहिली. आत एक पंचा आणि एक शर्ट होता, बस्स.