साहेबाचं छप्पर

तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावातलं चर्च एका स्कॉटिश पाद्रीसाहेबानं बांधलेलं. गावात त्याला कोणी चर्च म्हणत नाही, देऊळच म्हणतात. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बसवलेल्या. खिडक्या उंच, अरुंद, वर टोकदार. आणि छप्पर? इतकं उतरतं की बघणाऱ्याची मान दुखावी. साहेबानं म्हणे आपल्या गावचं देऊळ आठवून आठवून नकाशा काढला. तिकडं छपरावरून बर्फ घसरून पडायला हवं. आमच्याकडं कुठलं आलंय बर्फ? आमच्याकडं छपराचे मातीचे कवेलूच घसरायचे.

"घराची याद आली असंल बिचाऱ्याले," बाबा म्हणायचे, आणि दर उन्हाळ्यात शिडी लावून कवेलू फेरायला चढायचे. फुटके काढायचे, सरकलेले नीट बसवायचे. खाली सावलीत बसून तो खडखडाट ऐकायला मला फार आवडायचं. अजून मे महिना लागला की माझे कान तोच आवाज शोधतात.

पुढं मी अमरावतीला इंजिनिअर झाले आणि अक्कल जरा जास्तच आली. आई गेली, बाबांनी सत्तरी ओलांडली, तरी त्यांचं चढणं काही थांबेना. माझा जीव टांगणीला.

"बाबा, पडसान एखाद्या दिवशी!"

"पडलो तं देवाच्याच दारात पडीन."

शेवटी देवळाच्या पंचांना मीच पटवलं, नकाशाही मीच काढला. साहेबाचं छप्पर उतरवलं आणि वर सपाट स्लॅब टाकला. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटलं, सुटले एकदाचे.

त्यानंतर बाबा देवळात येईनात. रविवारी घंटा झाली तरी अंगणात खाटेवर बसून राहायचे. दोन वर्षं मी गप्प राहिले. या मे महिन्यात मी गावी गेले तेव्हा मात्र सरळच विचारलं, "काहून येत नाही तुमी? माझ्यावर राग हाये का?"

"राग कायचा? अवं, मी वर कवेलू फेरो, तं तुयी माय खालून एकेक कवेलू मले देत जाये. जलमभर दिले तिनं. गेली, तरी वर चढलो का वाटे, खाली उभीच हाये. मी खाली पाहोच नाही. पाहिलं नाही, तं तिथंच असे."

मला रडूच फुटलं. "मंग तेव्हाच काहून नाही सांगितलं मले?"

"तू भिऊन राहिली होती ना, पोरी."