दुधाच्या दाताचं मूळ

पाच वर्षांच्या नातीचा गाल फुगला त्या दिवशी घरात माणसं चार आणि मतं पाच. बायको म्हणाली गालफुगी, आणि लगेच सहाणेवर गेरू उगाळायला बसली. शेजारच्या बाई म्हणाल्या, काहीतरी चावलं असेल. सून तेवढी मला म्हणत होती, "मामाजी, तिची दाढ पाहा ना. काळी पडून राह्यली."

पाहिली. बॅटरी लावून पाहिली. वरच्या दाढेत खड्डा होता, हे खरं. पण दुधाच्या दाताने गाल फुगतो? माझा जन्म गेला भद्रावतीच्या फॅक्टरीत, मालाच्या तपासणीवर. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. माझ्या पोराचे पडलेले दात मीच कौलावर फेकले होते, उंदराजवळ नवा दात मागत. फेकण्याआधी एकेक तळहातावर घेऊन पाहिला होता. मूळ नावाची चीजच नव्हती. शर्टाच्या बटणासारखा खालून सपाट. तेव्हापासून घरात माझं ठरलेलं वाक्य: दुधाचे दात दुखत नाहीत.

"मूळच नाई, त दुखन काय आन् सुजन काय?" मी सुनेला विचारलं. बायको खूश झाली. आमचं दोघांचं एकमत होतं कधी नाही ते, आणि ते झालं या गोष्टीवर!

दोन दिवस पोरीचा गाल गेरूने लाल. मग ताप चढला, डोळाही अर्धा मिटला. आता मात्र सुनेने कोणालाच विचारलं नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि तडक बसस्टँड. पोरगा ड्यूटीवर, म्हणून तिच्यामागे मी, चपला फरफटत. चंद्रपूरपर्यंत एसटीत ती माझ्यापासून दोन सीटा सोडून बसली.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात पाहिलं आणि म्हणाल्या, दाढेच्या मुळाशी पू झाला आहे. मी म्हटलं, "बाई, दुधाच्या दाताला मूळ नसतं. मी पाहिलंय."

"पडलेला दात पाहिला ना काका? पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ विरत जातं. सगळं विरलं की दात हलतो आणि पडतो. तुमच्या हातात आला तो त्यानंतरचा."

आता बोला! म्हणजे मी पाहिलं ते खरं, आणि समजलो ते खोटं. दाढ काढावी लागेल, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला जरा धीर आला. "काढा ना. नाहीतरी पडणारच होती."

"ती पडायची होती दहा-अकराव्या वर्षी. तोवर तिची जागा धरून ठेवायला तारेची कडी बसवावी लागेल, नाहीतर बाजूचे दात सरकतात आणि पक्क्याला जागा उरत नाही."

पडणाऱ्या दाताची जागा राखायची? एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तशी? मला काही म्हणजे काही उमगेना. मग त्यांनी काढलेली दाढ ट्रेमध्ये ठेवली. तिला तीन मुळं होती, लांब, फाकलेली. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीनच होती.

बाहेर बाकावर पोर कापूस दाबून सुनेच्या मांडीवर पडली होती. औषधाने दुखणं थांबलं होतं, तशी ती बोलायला लागली. सुनेने विचारलं, "कधीपासून दुखत होतं वं?"

"दिवाळीपासून."

होळी तोंडावर आली होती. सून रडकुंडीला आली. "मंग सांगितलं काऊन नाई, माय?"

पोरीने कापूस गालात सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आबाजी म्हनते ना, दुधाचे दात दुखत नाई. मले वाटलं, मीच खोटी बोलून राह्यली."