चंद्राबाईंनी लावलेलं लगीन

हे पांडुरंगा, मुक्या अक्षराला कंठ तूच देतोस, आणि वाचणाऱ्याच्या जिभेवर बसून ऐकणाऱ्याच्या हृदयात तूच उतरतोस. हे मेंगाई माते, तोरण्याच्या पायथ्याशी बसून या खोऱ्यातल्या लेकींची सुखदुःखे तू पापणी न लववता पाहतेस. तुम्हा दोघांच्या चरणी मस्तक ठेवून मार्गासनीच्या चंद्राबाईंची कथा सांगतो. माउलीची चूक सांगताना जिभेला धार येऊ नये आणि मायेपोटी सत्य झाकले जाऊ नये, एवढे दान द्या.

चंद्राबाई म्हणजे आनंदरावांच्या कारभारीण. वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी. तीस वर्षे गावच्या देवळात श्रावणातली पोथी त्यांच्याच मुखाने चालते. आवाज असा गोड, की खाचरातून परतणारा माणूस चिखलाच्या पायांनी बाहेरच्या पायरीवर टेकतो आणि अध्याय संपेपर्यंत उठत नाही.

पोथीचा एक दंडक आहे. दुःखाच्या ओवीवर पोथी बांधायची नाही. राम वनात निघाला आणि वेळ संपली, तरी पुढे वाचत राहायचे. जिथे भेट होते, वर मिळतो, अभिषेक होतो, तिथे थांबायचे आणि मगच पोथीला रुमाल गुंडाळायचा. ऐकणाऱ्याने घरी जाताना अमंगळ सोबत नेऊ नये, ही त्यामागची करुणा. हा दंडक चंद्राबाईंनी कधी मोडला नाही. दुर्दैव असे, की जिथे तो लागूच नव्हता तिथेही त्यांनी तो पाळला.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात त्यांच्या पडवीत दुपारी गोधड्या शिवायला बायका जमत. हात सुईत गुंतलेले, कान मोकळे. मग चंद्राबाईंनी भोरच्या वाचनालयातून एक कादंबरी आणली, ‘सव्वापाचची गाडी’. कॉलेजातली कस्तुरी आणि निहार रोज एकाच एसटीने घरी परतत, आणि त्या प्रवासात त्यांचे प्रेम जमले, अशी ती तरुण मुलांची गोष्ट. रोज एक प्रकरण होई. म्हाताऱ्या भामाबाई आधी म्हणाल्या, “ही कसली पोथी गं? हिच्यात देव कुठं हाय?” आणि चौथ्या दिवशी त्याच सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

त्या बायकांत एक मुलगी होती, प्रांजल. चंद्राबाईंच्या धाकट्या जावेची, नूतनची लेक. बारावी नुकतीच झालेली. पासली गावचा रोहिदास चाकणला कंपनीत लागला होता, आणि “दिवाळीला आईला घिऊन तुज्या घरी येतो” असे तिला सांगून गेला होता. हे घरात कुणी बोलत नव्हते, पण काकीला ठाऊक होते. कस्तुरीचे नाव आले की प्रांजलची सुई थांबे, हेही काकी पाहत होत्या.

शेवटचे प्रकरण आले. पुस्तकात निहार येत नाही. कस्तुरी थांब्यावर उभी असते, गाडी येते, ती पिशवी उचलते आणि शिकायला शहरात निघून जाते. मागे वळून पाहत नाही. तिथे पुस्तक संपते.

चंद्राबाईंनी पुढची ओळ आधीच डोळ्यांनी वाचली. समोर पोर बसलेली; हे अशुभ तिच्या कानात कसे घालावे? तीस वर्षांची सवय जिभेवर आली. पान उलटल्यासारखे करून त्या वाचतच राहिल्या. गाडी सुटता सुटता हाक आली, कस्तुरी खाली उतरली, निहार आईला घेऊन समोर उभा होता, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर दोघांचे लगीन लागले. कागदावर नसलेली दोन पाने त्या माउलीने अशी वाचली, की भामाबाईंनी पदराने डोळे पुसले. पुस्तक दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत गेले.

त्या पावसाळ्यात प्रांजलचा पुण्याला नर्सिंगला नंबर लागला. ती गेली नाही. आईला म्हणाली, “पुढल्या वर्षी बघू.” पुढल्या वर्षीही तेच म्हणाली. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. गेल्या मार्गशीर्षात रोहिदासचे लग्न चाकणकडच्याच मुलीशी झाले. पत्रिकासुद्धा आली नाही.

आणि मग त्या कादंबरीचा सिनेमा आला. बायकांनी टेम्पो ठरवला आणि शहरात जाऊन पाहून आल्या. परतीच्या वाटेवर जी चर्चा झाली, तिच्यापुढे पंडितांची सभा फिकी पडावी.

पडवीतल्या वाचनाच्या वर्षीच सून म्हणून आलेली सुलक्षणा म्हणाली, “पुस्तकातली कस्तुरी सावळी व्हती, म्होरला दात तुटका, हासताना तोंडावर हात धरायची. ही तर दुधात बुडवून काढलेली!”

“आन् निहारचं आठ पानांचं पत्र कुठं गेलं?” दुसरी एक म्हणाली. “त्याचं गाणं केलं. पिवळ्या फुलांत पळत्यात दोघं. एवढी पिवळी फुलं आपल्या मुलखात कुनी बघितली?”

भामाबाई म्हणाल्या, “खरं बोलू का? कस्तुरीची आई मात्र सिनेमातली चांगली. पुस्तकात निरोप देताना दोन पानं बडबडती. हितं एक शबुद न्हाई. भाकरीच्या फडक्याला गाठ मारती, सोडती, परत मारती. म्या तिथंच रडले.”

“पर शेवटाची माती केली मेल्यांनी!” सुलक्षणा उसळली. “सरळ लगीन लागलं व्हतं, त्ये मोडलं. कशापायी?”

सगळ्यांनी सिनेमावाल्यांना शिव्या घातल्या. चंद्राबाई टेम्पोच्या फाळक्याला धरून मागे पडणारा रस्ता पाहत होत्या. गाव आले, बायका उतरल्या, तेव्हा प्रांजल मागे थांबली.

“काकी, पुस्तकात शेवट नक्की तसाच व्हता ना? तुमी वाचला तसा?”

“व्हय की,” चंद्राबाई म्हणाल्या.

पडवीत जे झाले होते ते मायेपोटी झाले होते. पण हे “व्हय की” भीतीपोटी होते. ज्या जिभेने तीस वर्षे भगवंताची लीला गायली, तीच जीभ एका पोरीशी खोटे बोलली. चार दिवस घास उतरेना. पाचव्या दिवशी हरिपाठ म्हणताना त्या दोनदा अडखळल्या, तेव्हा आनंदरावांनी विचारले, आणि त्यांनी सगळे सांगून टाकले.

“देवाची माफी रोज मागतीया,” त्या म्हणाल्या.

आनंदराव म्हणाले, “देवाचं कुठलं वरीस गेलंय? ज्या पोरीचं गेलं तिला सांग.”

दुसऱ्या दिवशी नसरापूरला गाडी बदलून चंद्राबाई भोरला गेल्या आणि पुस्तक घेऊन आल्या. त्याच पडवीत त्याच बायकांना बोलावले. प्रांजलला हाताला धरून आणले. म्हणाल्या, “सिनेमावाल्यांना नावं ठिऊ नका. त्यांनी चेहरे बदलले, पत्राचं गाणं केलं, पर शेवट हाय तसा ठिवला. बदलला म्या.” आणि शेवटची बारा पाने त्यांनी जशी छापलेली होती तशीच वाचली. गाडी आली. कस्तुरी चढली. मागे वळली नाही. चंद्राबाईंनी पुस्तक मिटले, आणि त्यापुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी श्रोत्यांना दुःखावर उठू दिले.

मग भामाबाई म्हणाल्या, “म्हंजी त्ये लगीन तू लावलंस? आन् जेवान न घालता? चंद्रे, तुज्यापरीस सिनेमावाले बरे!” दोघी-तिघी हसल्या. प्रांजल हसली नाही.

“काकी,” ती म्हणाली, “वाट म्या माज्या मनानं बघितली. त्याचा बोल तुमच्यावर न्हाई. पर त्या गाडीत चढता येतं, एवढं तरी मला तवा कळाया पायजे व्हतं.”

चंद्राबाईंनी तिच्यापुढे हात जोडले. पोरीने ते हात धरून खाली केले, पण गळ्यात पडली नाही. तेवढे अंतर राहिले, आणि राहणे रास्तच होते.

यंदा प्रांजलने पुन्हा अर्ज भरला आहे. नंबर लागेल की नाही, सांगता येत नाही. तिच्या बरोबरीची मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीला येते तेव्हा पांढरा गणवेश वाळत घालते, आणि प्रांजल त्या घरावरून जाताना नजर खाली घालते. हे पाहून चंद्राबाईंचा जीव तिळतिळ तुटतो. श्रावणातली पोथी त्या अजून वाचतात, तो देवाचा नेम आहे. पण पडवीत बायकांनी पुस्तकाचा आग्रह धरला, की “डोळं दुखत्यात गं” म्हणतात. डोळे दुखत नाहीत, हे सगळ्यांना कळते. कुणी बोलून दाखवत नाही.

श्रोतेहो, मंगल करण्याची ओढ हा काही अपराध नव्हे. पण दुसऱ्याच्या आयुष्याची पाने आपल्याला दिसत नसतात, आणि न दिसणारे पान वाचून दाखवण्याचा अधिकार संतांनीही कधी घेतला नाही.

म्हणून भगवंताजवळ एवढेच मागणे. चंद्राबाईंच्या वाणीवरचा हा भार हलका होवो. आनंदरावांना दीर्घ आयुष्य लाभो, त्यांच्या खाचरात इंद्रायणी भाताचा दाणा भरून येवो, नूतनच्या चुलीला समाधान मिळो. आणि प्रांजल, बाळा, तुझी गेलेली दोन वर्षे कुणी परत आणू शकत नाही. पुढची वर्षे मात्र मेंगाई तुझ्या ओटीत सगळीच्या सगळी घालो. त्या घराचे कल्याण असो, कल्याण असो.