थांबण्याचा गुन्हा

कुवेतमध्ये माझ्या नावावर जेवढे गुन्हे लागले, ते सगळे थांबण्याचे. वेगाचा एकही नाही. कुणाला वाटेल बढाई मारतोय, पण खरंच तसं होतं. साठ-एकसष्टचा काळ तो. रस्ते नवे, रुंद, आणि ड्रायव्हर लोक अशा गाड्या पळवायचे की मागे नुसती धूळ. मी आपला कंपनीची पिकअप घेऊन बेताबेतानं जाणारा. पण रत्नागिरीकडचा कुणी पायी चाललेला दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

यात चूक ती काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. आमच्या खाडीकाठच्या गावांत चालत्या माणसाला मागे टाकून पुढे जाणं म्हणजे त्याचा अपमान. बैलगाडी असो की होडी, थांबायचं, "कुटं चाललास?" म्हणून विचारायचं, घरच्यांची खुशाली घ्यायची आणि येत असेल तर बसवून घ्यायचं. न विचारता गेलात तर संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात बोभाटा, की अमक्याच्या पोराला शिंगं फुटली. ही सवय मी ट्रंकेबरोबर कुवेतला घेऊन आलो होतो.

कंपनीत प्रत्येक ड्रायव्हरचं एक कार्ड असायचं. चूक झाली की त्यावर लाल फुली. पहिली फुली मला बाजाराच्या वळणावर मिळाली, शेजारच्या गावच्या एका शिंप्याला गाडीत घेताना. दुसरी इस्पितळाच्या फाटकात. तिसरी तर भर चौकातल्या गोल चक्करमध्ये. तिथे मी गाडी उभी करून आमच्या खोलीतल्या चाचाशी बोलत होतो आणि मागे सहा गाड्या भोंगे वाजवत होत्या. चाचा म्हणाला, "ह्यांना कसली येवडी घाई लागलीय?" मलाही तसंच वाटलं.

तीन फुल्या म्हणजे कार्ड जमा, इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना रद्द, आणि माणूस परतीच्या बोटीवर. एरवी मी म्हटलं असतं, गेलो तर गेलो, गावात भात पिकतंय. पण नेमकी त्याच वेळी बायकोला आणायची परवानगी मिळाली होती. लग्नाला पाच वर्षं झालेली, आणि सगळ्या सुट्ट्या धरल्या तरी आमचा संसार जेमतेम सहा महिन्यांचा. तिचा पासपोर्ट झाला होता, पुढच्या महिन्याच्या बोटीचं तिकीट निघालं होतं, आणि तिनं पत्रात विचारलं होतं की पाटा-वरवंटा आणू की तिथे मिळतो. माझी नोकरी गेली की तिचाही कागद गेला. त्या विचारानं मला जेवण जाईना.

ट्रान्सपोर्टच्या साहेबानं मेहरबानी केली. सहा दिवस सकाळी ड्रायव्हरांच्या क्लासला बस, शेवटच्या दिवशी रस्त्यावर परीक्षा दे. पास झालास तर फुल्या पुसू, नाहीतर खुदा हाफिज.

क्लास म्हणजे पत्र्याची शेड, एक पंखा आणि मोठं टेबल. टेबलावर खडूनं रस्ते काढलेले आणि त्यांवर लाकडी मोटारी. शिकवणारा उस्ताद फिलिस्तीनी होता, कानामागे पेन्सिल आणि तोंडात आमच्याच ड्रायव्हरांकडून उचललेली मोडकीतोडकी हिंदी. मी आंबा घाटात ट्रक चालवलेला माणूस, आणि इथे खेळण्यातली मोटार ढकलायची! पहिले दोन दिवस मी फुगून बसलो. पण खोटं कशाला बोलू, तिसऱ्या दिवसापासून मजा यायला लागली. माझी शाळा चौथीतच सुटलेली. बाकावर बसावं आणि कुणीतरी आपल्याला नीट समजावून सांगावं, यातही सुख असतं. गाडी थांबवायचंसुद्धा शास्त्र असतं, आधी आरसा, मग हात बाहेर, मग कडेला, हे मला त्या शेडमध्ये कळलं.

एकच गोष्ट पटली नाही. मी विचारलं, ओळखीचा माणूस दिसला तर काय करायचं? उस्ताद म्हणाला, "टेस्ट में रुकना नहीं. एक बार रुका, फेल. रोड पे कोई चाचा नहीं, कोई मामू नहीं." मला त्याचा असा राग आला की त्या दिवशी मी त्याचा चहा घेतला नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी खोलीत रडगाणं गायलो. रस्ता नेमका बाजारातून जाणार होता आणि तिथे आमची निम्मी माणसं. कुणी शिंपी, कुणी बेकरीत, कुणी चहाच्या दुकानात. एकानं हात केला तरी माझा पाय ऐकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. सगळे ऐकत होते. चाचानं विडी विझवली, चपला घातल्या आणि तो बाहेर गेला. मला वाटलं, कंटाळला असेल.

सकाळी उस्ताद शेजारी बसला आणि मी गाडी काढली. बाजारात शिरलो तोच पायरीवर तो शिंपी दिसला. त्यानं गाडी पाहिली आणि चक्क पाठ फिरवली. म्हटलं, दिसलो नसेन. पुढे बेकरीतले दोघं डोक्यावर रोट्यांची फळी घेऊन चालले होते. माझी गाडी बघताच दोघंही भिंतीकडे वळले. चहावाला मान खाली घालून आत गेला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते हेच. नोकरी जाणार म्हटल्यावर एवढ्या लवकर परका झालो का मी?

बाजाराच्या टोकाला चाचा उन्हात उभा होता. तोही वळला. भिंतीला नाक लागेल इतका जवळ. पण त्याचा एक हात पाठीमागे होता, आणि त्या हाताची बोटं जोरजोरात हलत होती. जा. जा. पुढे जा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्या संध्याकाळी हा म्हातारा दुकानादुकानांतून फिरला होता. ज्या माणसांनी जन्मात कुणाला न विचारता जाऊ दिलं नाही, ती माझ्यासाठी तोंडं फिरवून उभी होती. मला रडू आवरेना. डाव्या बाहीनं डोळे पुसत मी गाडी चालवत राहिलो, पाय ब्रेकला लावला नाही.

उस्ताद मागे वळून बघत होता. "ये सब लोग पीठ क्यों दिखाता? तुमसे झगडा है?"

"नहीं उस्ताद," मी म्हणालो, "मेरी बीवी आनेवाली है."

त्यानं माझ्या ओल्या तोंडाकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं, आणि काही न समजताच कानामागची पेन्सिल काढून पास लिहिलं.