बोल्टचा अर्धा आटा

भिकाजी मिस्त्रीने पंपावर हात ठेवला की पंप खरं बोलायचा, असं त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात. मोटर आणि पंप एका रेषेत नसले तर मधली कपलिंग थरथरते, बेअरिंग खाल्लं जातं आणि सहा महिन्यांत सगळं भंगारात जातं. ती रेष जुळवणं हे भिकाजीचं जन्माचं काम. डायल गेज लावायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा, मोटरच्या पायाखाली केसाएवढी पत्र्याची पट्टी सरकवायची, पुन्हा फिरवायचा. इंजिनियर साहेब "चलेगा" म्हणून जेवायला निघून जायचे. भिकाजीला तो शब्द शिवीसारखा लागायचा. राजापूरकडच्या वाडीतून तो ब्याण्णव साली ओमानला आला आणि पुढची वीस वर्षं मस्कतच्या आसपासच्या पंपघरांत त्याने हेच केलं. आपण एकही मशीन वाकडं सोडलेलं नाही, असं तो सांगायचा. ही बढाई नव्हती, खरोखरच सोडलं नव्हतं.

त्याच्या लेबर कार्डावर मात्र 'मजूर' लिहिलेलं होतं. पहिल्या एजंटाकडे त्या दिवशी मजुराचाच व्हिसा शिल्लक होता, म्हणून तो मजूर झाला. पुढे कंपन्या बदलल्या, अर्बाब म्हणजे मालक बदलले, पण प्रत्येक नवा कारकून जुन्या कार्डावरचाच शब्द नव्या कार्डावर उतरवत गेला. आयटीआयचं सर्टिफिकेट नाही, मग बोलायचं कुठल्या तोंडाने? दुसऱ्या कुणी हे मनावर घेतलं नसतं. भिकाजीने घेतलं, कारण मजुराच्या कार्डावर बायकोला आणता येत नाही, असं त्याला दर ऑफिसात ऐकवलं गेलं होतं. कलावती, त्याची बायको. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, त्यातली एकत्र काढलेली जेमतेम अडीच. तिला एक महिना इकडे आणायचं, दार्सैतच्या कृष्णमंदिरात न्यायचं, आणि ज्या पंपघरांच्या गोष्टी ती फोनवर इतकी वर्षं ऐकत आली त्यातलं एखादं दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. लोक परदेशात राहून काय काय इच्छा धरतात. याला बायकोला पंप दाखवायचा होता.

दोन हजार तेराच्या सुमारास त्याची कंपनी बंद पडली आणि तो एका नव्या अर्बाबकडे लागला. या अर्बाबचा शर्कियाच्या वाळवंटात पर्यटकांसाठी कॅम्प होता. वीस तंबू, जनरेटर, पाण्याचे दोन पंप. भिकाजीने ते सांभाळायचे. स्वयंपाकाला रत्नागिरीचा जहूर होता. आणि पाहुण्यांची करमणूक करायला स्वरूप नावाचा सत्तावीस वर्षांचा मॅनेजर. स्वरूपचे आईवडील पुण्याचे, पण तो वाढला मस्कतमध्ये, तिथल्या इंडियन स्कूलमध्ये. त्याच्या मराठीला दर वाक्यात दोनदा ठेच लागायची. तरी परमुलखात मराठी बोलणारं पोरगं म्हणून भिकाजीला त्याचं कौतुक होतं. हे कौतुक आपल्या लोकांना फार महागात पडतं, पण अंगवळणी पडलेली खोड जात नाही.

त्या थंडीत अर्बाबने दुबईहून एक मोठी दुर्बीण आणली. दुर्बिणीखाली मोटरवाला लोखंडी सांगाडा होता, त्याला माउंट म्हणतात, आणि माउंटला जोडलेला एक रिमोट. रिमोटवर ग्रहाचं नाव निवडायचं, की दुर्बीण आपण होऊन तिकडे वळते आणि आभाळ फिरेल तशी त्याच्या मागे फिरत राहते. असं खोक्यावर लिहिलं होतं. खोक्यावर लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं?

पहिल्याच रात्री तीस पाहुण्यांसमोर स्वरूपने गुरू निवडला आणि दुर्बिणीने वाळूच्या टेकडीकडे तोंड केलं. पाहुणे हसले. दुसऱ्या रात्री गुरू कसाबसा सापडला आणि दुसरा माणूस डोळा लावेपर्यंत निसटला. अर्बाब पाहुण्यांच्या मागे हात बांधून उभा होता. त्याची मान खाली गेलेली भिकाजीने पाहिली.

दुसऱ्या दिवशी अर्बाबने त्याला बोलावलं. तो हिंदी बोलायचा, गल्फमध्ये सगळे बोलतात तशी.

"मिस्त्री, तुम पंप सीधा करता. ये भी सीधा करो. मुश्तरी एक घंटा बीच में रहेगा, तो तुम्हारा कार्ड फन्नी. इन्शाल्ला."

मुश्तरी म्हणजे गुरू, आणि फन्नी म्हणजे टेक्निशियन. भिकाजीला हे दोन्ही शब्द ठाऊक होते. त्या रात्री त्याने कलावतीला पासपोर्टसाठी फोटो काढून ठेवायला सांगितलं.

पहिली चूक सापडली ती त्याच्याच मनगटावर. माउंटला चालू करताना तारीख आणि वेळ द्यावी लागते. स्वरूप अंधारात विचारायचा, "काका, टाइम काय झाला?" आणि भिकाजी घड्याळात बघून सांगायचा. ते घड्याळ भारताच्या वेळेवर होतं, ओमानच्या दीड तास पुढे. कलावती दिवा कधी लावते, जेवते कधी, निजते कधी, हे हिशेब न करता कळावं म्हणून त्याने ते आल्या दिवसापासून तसंच ठेवलं होतं. ड्युटीची वेळ तो सवयीने मनात वजा करायचा, पण त्या घाईत करायचा राहिला होता. मशीन बिचारं राजापूरच्या वेळेचं आभाळ शोधत होतं. जहूरला हे कळलं तेव्हा तो हसून खाली बसला. "मिस्त्री, तुमची दुर्बीन वहिनीला बघत होती," तो म्हणाला. भिकाजीही हसला. पण त्या दिवसापासून दुर्बिणीजवळ जाताना तो घड्याळ काढून खिशात ठेवू लागला.

घड्याळाची गोष्ट सोपी होती, बाकीची नव्हती. दुर्बीण तिवईवर, तिवई वाळूत. माणूस जवळून चालला तरी हलायची. भिकाजीने बोअरवेलचा जुना पाइप आणला, सहा फूट खड्डा खणून उभा केला, आत काँक्रीट भरलं आणि वर जाड प्लेट बसवून माउंट तिच्यावर कसलं. पंपाचं फाउंडेशन असंच घालतात. मग राहिलं उत्तर साधायचं. माउंट ज्या कण्याभोवती फिरतं तो कणा ध्रुवाकडे रोखलेला हवा, नाहीतर तारा भिंगातून निसटणारच. आणि कॅम्पच्या उत्तरेला अशी टेकडी की ध्रुव तिच्या आड. स्वरूपने फोनच्या होकायंत्रावर भागवलं होतं. भिकाजीने स्वरूपकडून दुर्बिणीबरोबर आलेल्या पुस्तकातली रीत वाचून घेतली. ध्रुव दिसत नसेल तर दुसरा तारा धरा आणि तो कुठे सरकतो ते बघा. हे ऐकल्यावर तो म्हणाला, "मग हे आपलंच काम आहे."

दक्षिणेला मृग नक्षत्र वर आलं की त्यातल्या बाणाचा एक तारा तो उभ्या-आडव्या रेघांच्या भिंगात आडव्या रेघेवर आणायचा आणि डोळा न हलवता पाच मिनिटं बघत बसायचा. तारा रेघेच्या वर गेला तर बाजूचा बोल्ट एका अंगाला जरा आवळायचा, खाली गेला तर दुसऱ्या अंगाला. पुन्हा पाच मिनिटं. मग उगवतीचा तारा धरून कण्याची उंची तशीच साधायची, की परत मृग. डायल गेजवर शाफ्ट फिरवण्यात आणि यात त्याला काही फरक वाटला नाही, फक्त इथे शाफ्ट आभाळाचा होता. माउंटच्या गिअरच्या दात्यांमधली ढिलाईही त्याने ओळखली. स्वरूप तारा मध्ये आणताना बाण असलेली बटणं कशीही पुढेमागे दाबायचा. भिकाजीने त्याला दटावलं. लेथवर हँडल जास्त पुढे गेलं तर पूर्ण मागे घेऊन पुन्हा पुढून यायचं असतं, नेहमी एकाच बाजूने. एवढीशी ही गोष्ट पोराला कळायला तीन रात्री लागल्या.

असे सतरा दिवस गेले. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून जहूर बॅटरीला लाल फडकं बांधून बसायचा आणि भिकाजी सांगेल ते वहीत उतरवायचा. कुठला तारा, किती मिनिटं, कुठला बोल्ट, किती आटे. अठराव्या रात्री भिकाजीने गुरू रेघांच्या छेदावर ठेवला, जेवून आला, भांडी घासायला जहूरला मदत केली, तासाने परत येऊन डोळा लावला. गुरू तिथेच होता, त्याचे चार चंद्र दोन्ही बाजूंना. भिकाजीने डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "कलावतीला दाखवायला पाहिजे."

अर्बाबचे पाहुणे आले तेव्हा दुर्बिणीशेजारी स्वरूप उभा होता, नवा कोट घालून. इंग्रजीत छान बोलला. मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांनी ओळीने पाहिलं आणि गुरू शेवटच्या माणसापर्यंत जागचा हलला नाही. भिकाजी जनरेटरपाशी होता, कारण त्या वेळी जनरेटर बंद पडला असता तर सगळंच मुसळ केरात. अर्बाबने स्वरूपच्या पाठीवर थाप मारली. तीही भिकाजीने लांबूनच पाहिली.

आठवड्याने जहूरच्या हातची वही दिसेनाशी झाली आणि दुर्बिणीपाशी प्लॅस्टिकमध्ये घातलेले इंग्रजी कागद आले. तारा, मिनिटं, बोल्ट, आटे, सगळं तेच. खाली नाव स्वरूपचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. भिकाजीला त्याचाही राग आला नाही, किंवा आला तो त्याने गिळला. त्याला नाव नको होतं, कार्ड हवं होतं.

मार्चमध्ये कार्डाचं नूतनीकरण आलं. अर्बाब मस्कतला, म्हणून कागदपत्रं स्वरूपच्या हातात. भिकाजीने विचारलं.

स्वरूपने लॅपटॉपवरून मान वर केली. "काका, मी सरांशी बोललो. त्यांनी विचारलं, टेक्निशियनची पोस्ट पाहिजे का. मी ऑनेस्टली सांगितलं, आता नीड नाही. तुम्ही इतकं परफेक्ट केलंय ना, आता ते आपोआपच चालतं. मग टेक्निशियन कशाला?"

"आणि माझं कार्ड?"

"सेम. सर म्हणाले, सीझननंतर तुम्हाला खाबुऱ्याच्या फार्मवर पाठवू. तिकडे पंप आहेत." मग त्याने मायेने, खरंच मायेने, पुढे जोडलं, "पर्सनली नका घेऊ, काका."

भिकाजीने अर्बाबला फोन केला. अर्बाब गोड बोलला, मिस्त्री फार चांगला माणूस आहे म्हणाला, पुढच्या वर्षी इन्शाल्ला म्हणाला. गरज सरो, वैद्य मरो, एवढं न कळण्याइतका भिकाजी कच्चा नव्हता. त्याने कलावतीला फोन करून पासपोर्टचं राहू दे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "फोटो काढलेत हो मी. चांगले आलेत."

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो दुर्बिणीपाशी गेला. कपड्याचं आवरण वर केलं, खिशातून पाना काढला. बाजूचा एक बोल्ट सैल केला, समोरचा अर्धा आटा आवळला, आणि आवरण होतं तसं बांधलं. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं. त्याचा हिशेब साधा होता. पुढच्या थंडीत गुरू पळेल, पाहुणे हसतील, अर्बाबची मान खाली जाईल आणि कुणीतरी म्हणेल, मिस्त्रीला बोलवा. मग तो येईल आणि पाना हातात घेण्याआधी म्हणेल, कार्ड.

खाबुऱ्याला शेतावर तो पंपाशेजारच्या खोलीत राहू लागला. उन्हाळा गेला. नोव्हेंबर लागला तसा तो फोन जवळ ठेवून झोपू लागला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. फोन यायचा तो कलावतीचा. मृग डोक्यावर येऊ लागलं, तरी कॅम्पवरून कुणी बोलावलं नाही. शेवटी जानेवारीत त्यानेच जहूरला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुर्बीण काय म्हणते?"

"एकदम मस्त," जहूर म्हणाला. "यंदा गर्दी फार."

"गुरू मध्ये राहतो?"

"मध्ये कुठला, पळतो. स्वरूप बटण दाबून परत आणतो. पण मिस्त्री, डोळा लावतो कोण? दुर्बिनीला टेकून फोटो काढतात नि जेवायला येतात. परवा ट्रॅव्हल कंपनीचा माणूस तपासायला आलेला. त्यानेपन फोटो काढला. दुर्बिनीला फुल मार्क दिले त्याने."

भिकाजीने फोन ठेवला. बाहेर पंप चालू होता, एका सुरात, कपलिंग न थरथरता. त्याची रेष त्याने आल्या आठवड्यातच जुळवली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्याने घड्याळात पाहिलं. कलावतीची निजायची वेळ झाली होती, म्हणून त्याने फोन लावला नाही. उद्या ती दुर्बिणीचं विचारील. चालते म्हणून सांगायचं, असं त्याने ठरवलं.

जन्मभरात त्याने एकच काम वाकडं केलं होतं, आणि तेवढंच पास झालं.